कामगारांच्या वतीने बोलायचे कोणी?

परभणी आणि पूर्णा यांच्या दरम्यान लोहमार्गावर वसलेल्या पिंगळीच्या शिवारात मोटारीचा कारखाना नाही. तथापि छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यास २००१ पासून स्कोडाच्या मोटारी जुळू लागल्या, पिंपरी-चिंचवडात तर हा उद्योग त्याच्याही पुष्कळ आधी रुजला, आणि मराठवाड्यातील शेतकऱ्यांची मुले या धंद्यात रोजगार शोधू लागली. त्यामुळे तेथे व्यवस्थापन आणि कामगार यांचे संबंध कसे ठरतात, हा प्रश्न गावखेड्यासही परका उरलेला नाही.

मोटारीची जुळणी सरकत्या पट्ट्यावर होते. एका ठाण्यावरचे काम अडले की मागची सारी रांग खोळंबते. सबब उभय पक्षांस एकमेकांची नड असते, आणि त्या नडेतूनच तह घडतो. संघटना मागणीपत्र सादर करते, व्यवस्थापन वेतनवाढीच्या बदल्यात उत्पादनवाढ मागते, आणि महिनोन्महिने घासाघीस होऊन बहुधा तीन-साडेतीन वर्षांच्या मुदतीचा करारनामा सिद्ध होतो. बाहेर बोलबाला होतो तो पगारवाढीच्या आकड्याचा. परंतु खरी झटापट होते ती एका पाळीत किती गाड्या काढावयाच्या, या कलमावर.

मात्र कामगारांच्या वतीने सही करावयाची कोणी? १९२६ च्या कामगार संघटना कायद्याने मुळात अवघ्या सात इसमांस संघटना नोंदविण्याची मुभा दिली. पण नोंदणी निराळी आणि मान्यता निराळी. महाराष्ट्राने १९७१ साली स्वतंत्र अधिनियम करून असे ठरविले, की जिची सभासदसंख्या मागील सहा महिने किमान ३० टक्के राहिली असेल अशा संघटनेने औद्योगिक न्यायालयाकडे मान्यतेची दरखास्त करावी, आणि मान्यताप्राप्त संघटनेशी बोलणी करण्याचे नाकारणे ही मालकाची अनुचित प्रथा समजावी.

हा प्रश्न किती दाहक ठरू शकतो, हे टेल्कोच्या (आजच्या टाटा मोटर्सच्या) पुण्यातील कारखान्याने दाखविले. कंपनी तेव्हा मुख्यत्वे मालमोटारी बनवीत असे. ‘इंडिका’ ही तिची छोटी मोटार यावयास १९९८ उजाडावयाचे होते. कामगारनेते राजन नायर यांस १९८८ मध्ये बडतर्फ करण्यात आले, तरी फार मोठा कामगारवर्ग त्यांच्यामागेच राहिला; आणि १९८९ च्या सप्टेंबरात व्यवस्थापनाने प्रतिस्पर्धी संघटनेशी वेतनकरार केला, तेव्हा नायर यांच्या हजारो अनुयायांनी शनिवारवाड्यापुढे उपोषण आरंभिले. महिनाअखेरीस एका रात्री पोलिसांनी त्यांस गाड्यांत भरून हलविले आणि उपोषण मोडून काढले. व्यवस्थापनाची सरशी झाली खरी. परंतु ज्या सहीमागे कामगारांचा विश्वास नाही तिची अंमलबजावणी अखेर पोलिसांवर सोपवावी लागते, हेही तेथे सिद्ध झाले.

संसदेने २०२० साली संमत केलेल्या औद्योगिक संबंध संहितेत, एकाहून अधिक संघटना असल्यास एकट्याने वाटाघाटी करण्याच्या अधिकारासाठी हजेरीपटावरील ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा आवश्यक मानला आहे. प्रतिनिधित्वाचा निकष कडक झाला हे इष्टच; पण ज्याचे नाव कंपनीच्या नव्हे तर ठेकेदाराच्या हजेरीपटावर आहे, तो कंत्राटी कामगार त्याच पट्ट्यावर राबूनही या गणतीच्या बाहेर राहतो, आणि कायम कामगारांच्या करारातील वाढही सहसा त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. तेव्हा नोकरीसाठी पुण्याची गाडी धरणाऱ्या तरुणाने पगार किती, हे विचारण्याआधी आपले नाव कोणाच्या हजेरीपटावर चढणार, एवढे अवश्य विचारून घ्यावे.