पिकअप, हवा आणि १८ फेब्रुवारी



पिकअप म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? पहाटे मार्केट यार्डात शिरणारी, कांद्याच्या गोण्यांनी मागून दबलेली गाडी. तुम्ही इंदूरला असा, बेळगावला असा की सुरतेला, चित्र तेच. आता अशीच एक पिकअप ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास पळतेय, तिच्या मागच्या बंपरपासून जेमतेम हातभर अंतरावर दुसरी पळतेय, आणि अशा तीसहून जास्त गाड्या एकाच घोळक्यात आहेत, असं समजा. अमेरिकेत नॅसकार ही संस्था अशा शर्यतींचा हंगाम १९९५पासून दरवर्षी भरवते.

तिकडे पिकअप ही घरची गाडी आहे. फोर्डची एफ-सिरीज कित्येक दशकं तिथलं सर्वाधिक खपाचं वाहन आहे. त्यामुळे वाळवंटात शर्यती करणाऱ्या काही मंडळींनी पिकअपची रेसिंग गाडी बनवून १९९४च्या डेटोना शर्यतीच्या वेळी लोकांपुढे ठेवली, तेव्हा लोकांनी ती उचलून धरली. पहिली शर्यत ५ फेब्रुवारी १९९५ला अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्सला झाली. माइक स्किनर जिंकला आणि त्या वर्षीचं विजेतेपदही त्यालाच मिळालं. गंमत म्हणजे सुरुवातीला या शर्यतीत चक्क दहा मिनिटांचं मध्यंतर असायचं, आपल्या कबड्डीसारखं. काही ट्रॅक इतके छोटे होते की शर्यत चालू असताना टायर बदलायला धड जागाच नव्हती.

आपल्याकडे २०१४मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर टाटांनी प्रायमा ट्रकच्या शर्यती सुरू केल्या. पण ते मोठे ट्रक, मालाचा ट्रेलर ओढणारे. नॅसकारची पिकअप खरं तर नावालाच पिकअप. आत पोलादी नळ्यांचा सांगाडा, व्ही-८ इंजिन, एकच सीट, वजन दीड हजार किलोच्या आसपास. मागचा हौदा वरून सपाट झाकलेला. आकार मात्र पिकअपचाच ठेवलाय. नाक उंच, केबिन उभी, एकूण प्रकार खोक्यासारखा. हा खोका लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

आता ट्रॅक. फ्लोरिडातला डेटोना इंटरनॅशनल स्पीडवे, १९५९चा. अंडाकृती, एक फेरी अडीच मैलांची, म्हणजे चार किलोमीटर. पिकअपची शर्यत १०० फेऱ्यांची. फक्त डावीकडे वळायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण वळणं ३१ अंशांत कललेली आहेत. आपल्या महामार्गावरही वळणाची बाहेरची कड उचललेली असते, पण सपाट प्रदेशात ती साधारण चार अंशांपलीकडे जात नाही. व्हिडिओत मी वहीचं पान वाकवून दाखवलं होतं, इथे तुम्ही कोकणातल्या कौलारू छपराचा उतार आठवा. त्या छपरावरून गाडी चालवायची. सपाट वळणावर गाडीला बाहेर फेकलं जाण्यापासून फक्त टायरची पकड वाचवते. इथे रस्ताच कुशीत घेतो, गाडीचं वजन तिला रस्त्यावर दाबतं आणि ब्रेक न लावता वळता येतं. हे उतार बांधायला मधल्या मैदानातलीच माती उपसली, आणि त्या खड्ड्याचं तळं झालं. ते आजही ट्रॅकच्या पोटात आहे.

ब्रेकच लावायचा नाही, मग खेळ कसला? हवेचा.

वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. त्यात आपला खोका. कार हवा चिरते, पिकअप हवेला धक्का मारते. तिच्या मागे हवेत मोठं भगदाड पडतं आणि मागून येणारी गाडी त्यात अलगद ओढली जाते. शाळेत असताना ट्रकच्या मागे सायकल घालून फुकट पळणारी मुलं आठवतात? तेच हे. (मुलांनो, करू नका.) पण अर्धीच गोष्ट आपल्याला माहीत असते. फायदा पुढच्यालाही होतो. एकट्या गाडीला मागचं भगदाड उलटं खेचत असतं. दुसरी गाडी तिथे आली की ती ओढ कमी होते. म्हणून दोघी मिळून एकटीपेक्षा वेगात जातात.

परिणाम असा की डेटोनाला एकटा शहाणा जिंकत नाही. उत्तम गाडी घेऊन रांगेबाहेर पडलात आणि मागे कोणी आलं नाही, तर बघता बघता दहा जण पुढे निघून जातात. शेवटच्या फेरीत ज्याला हरवायचंय, त्याच्याच धक्क्यावर ९९ फेऱ्या काढायच्या. मला या शर्यतीतली ही युती-आघाडी फार आवडते, आणि तिचीच भीती वाटते.

कारण हिशेब करा. ताशी ३०० म्हणजे सेकंदाला ८३ मीटर. डोळ्यांनी पाहून पाय हलायला पाव सेकंद धरला, तरी गाडी वीस मीटर पुढे गेलेली असते. आणि पुढची गाडी हातभर अंतरावर! बाजूचं तर ड्रायव्हरला नीट दिसतही नाही. स्टँडच्या छतावर उभा राहिलेला त्याचा माणूस, स्पॉटर, रेडिओवरून सांगत असतो, आत कोण आहे, बाहेर कोण आहे. त्या आवाजावर भरवसा ठेवून चालवायचं. एकाचं चाक जरा घसरलं की मागचे पंधरा-वीस जण त्यात सापडतात. चाहते त्याला ‘द बिग वन’ म्हणतात. नाव गमतीचं आहे, प्रकार नाही.

१८ फेब्रुवारी २०००. डेटोनावर पिकअपची पहिलीच शर्यत. निम्म्याहून थोडं अधिक अंतर झालेलं. समोरच्या स्टँडपुढे दोन गाड्या एकमेकींना लागल्या आणि जेफ बोडाइनची गाडी हवेत उडून थेट प्रेक्षकांपुढच्या जाळीवर गेली. इंजिन वेगळं झालं, आगीचा लोळ उठला, उरलेला सांगाडा ट्रॅकवर गडगडत राहिला आणि मागून येणाऱ्या गाड्यांचे तडाखेही त्याला बसले. काही प्रेक्षक जखमी झाले. बोडाइन पन्नाशीचा, १९८६ची डेटोना ५०० जिंकलेला. मनगट, घोटा, गालाचं हाड, मणका, सगळीकडे मोड. पण जगला. सांगाड्याने त्याला वाचवलं. त्याच वर्षी तो पुन्हा शर्यतीत उतरला.

बाकीचे इतके नशीबवान नव्हते. मे महिन्यात १९ वर्षांचा अ‍ॅडम पेटी गेला, जुलैत त्याच न्यू हॅम्पशायरच्या ट्रॅकवर केनी अर्विन. ऑक्टोबरमध्ये टेक्सासला पिकअपच्याच शर्यतीत टोनी रोपर. आणि १८ फेब्रुवारी २००१ला, डेटोना ५००च्या शेवटच्या फेरीत, डेल अर्नहार्ट. नऊ महिन्यांत चौघे. टीव्हीवर यातला एकही अपघात बोडाइनच्या अपघाताइतका भयंकर दिसत नव्हता.

इथेच खरी गोम आहे. गाडी गडगडते तेव्हा तिचा वेग तुकड्यातुकड्यांनी संपतो. काँक्रीटच्या भिंतीवर नाक आपटतं, तेव्हा तो क्षणात संपतो. पट्टे छातीला धरून ठेवतात, डोकं मात्र पुढे जात राहतं, आणि मान व कवटीचा तळ तो झटका सोसू शकत नाहीत. यावर उपाय होता, आणि तो आधीपासून होता! रॉबर्ट हबर्ड या प्राध्यापकाने १९८०च्या दशकातच आपल्या रेसर मेव्हण्यासाठी खांद्यावर बसणारी आणि पट्ट्यांनी हेल्मेटला जोडलेली कॉलर बनवली होती. तिचं नाव हान्स. पण मोजकेच ड्रायव्हर ती घालत. नॅसकारने असं साधन सक्तीचं केलं ते ऑक्टोबर २००१मध्ये. पुढच्या वर्षी इंडियानापोलिसला काँक्रीटपुढे पोलादी नळ्या आणि फोमची, धक्का पिणारी भिंत पहिल्यांदा उभी राहिली. ती नेब्रास्का विद्यापीठात तयार झाली होती. आता डेटोनालाही ती आहे.

अर्नहार्ट गेला ती शर्यत जिंकली होती मायकेल वॉल्ट्रिपने. ४६३व्या प्रयत्नात मिळालेला पहिला विजय, तोही अर्नहार्टच्याच संघाच्या गाडीतून. बरोबर दहा वर्षांनी, १८ फेब्रुवारी २०११ला, तो त्याच ट्रॅकवर पिकअपच्या शर्यतीत होता. शेवटच्या टप्प्यात त्याच्या गाडीचा स्पॉयलर, म्हणजे गाडीला खाली दाबणारी पण हवाही अडवणारी मागची उभी पट्टी, मोडून अर्धी खाली पडली. पकड कमी झाली, पण हवेचा अडथळाही कमी झाला. शेवटच्या फेरीत तो एलियट सॅडलरच्या मागून बाहेर पडला आणि पुढे निघाला. मोडकी पट्टी सगळ्यांनी पाहिली, चर्चाही झाली. विजय त्याच्याच नावावर राहिला.