सावलीवरून तारा ओळखणारें यंत्र

म्हसवडचें निरभ्र आकाश हें या दुष्काळी माणदेशाचें वैभवच होय. हिवाळ्यांतील रात्रीं वृषभ राशि माथ्यावर येते. तिच्या एका शिंगाच्या टोंकाशीं, दुर्बिणीशिवाय न दिसणारा, खेकडा नांवाचा तेजोमेघ आहे. इ. स. १०५४ मध्यें दिसलेल्या तारास्फोटाचा तो अवशेष. त्याच्या गर्भांतील तारा सेकंदास सुमारें ३० गिरक्या घेतो, व तेथून भेदक क्ष-किरण निघतात. ते आमच्यापर्यंत मात्र पोंचत नाहींत. वातावरण त्यांस वरच्या वर गिळून टाकतें.

म्हणून डोळाच वर न्यावा लागतो. २८ सप्टेंबर २०१५ रोजीं श्रीहरिकोट्याहून 'ॲस्ट्रोसॅट' उपग्रह सुमारें ६५० किलोमीटर उंचीवर गेला. त्यावरील या कामाचें यंत्र मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें पुण्याच्या 'आयुका' व इतर संस्थांच्या साहाय्यानें सिद्ध केलें.

या यंत्रास भिंग नाहीं, कारण इतके भेदक किरण भिंगानें वळत नाहींत. मग चित्र कसें मिळतें? जाळीच्या खिडकीबाहेर कंदील धरला असतां भिंतीवर नक्षी उमटते. कंदील डावीकडे नेला कीं नक्षी उजवीकडे सरकते. नक्षीवरून कंदिलाची दिशा सांगतां येते. येथें जाळी आहे टँटलम धातूच्या अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या पत्र्याची, आणि भिंत आहे स्फटिकांची.

खरी करामत त्या स्फटिकांची. कॅडमियम, जस्त व टेल्युरियम यांचे, सुमारें ४ सेंटिमीटर चौरस व ५ मिलिमीटर जाड असे ६४ तुकडे, आणि प्रत्येकाचीं २५६ घरें. एकूण घरें किती, तें विद्यार्थ्यांनीं स्वतः काढावें. हे अर्धवाहक पदार्थ होत. ६० हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टचा एक किरणकण आंत शिरला कीं सुमारें १३ हजार इलेक्ट्रॉन मोकळे होतात, व त्या विद्युद्भारावरून कणाची शक्ति मोजली जाते. जर्मेनियमचे स्फटिकही हें करितात, पण त्यांस द्रवरूप नायट्रोजनाइतकी थंडी लागते. यांस लागत नाहीं. उपग्रहावर ही सोय फार मोलाची. कांहीं घरें उगाचच गलबला करूं लागतात. तीं बंद करावीं लागतात.

कधीं कण एका घरांत इलेक्ट्रॉनावर आपटून शेजारच्या घरांत उडतो. तो बहुधा कोणत्या बाजूस उडतो, यावरून किरणांचें कंपन कोणत्या दिशेंत आहे तें कळतें. २०१७ मध्यें खेकड्याविषयीं हाच हिशेब प्रसिद्ध झाला. ताऱ्याचा झोत आपणांकडे नसतो त्या क्षणीं ध्रुवीकरण सारखेंच राहावें, अशी अपेक्षा होती; पण नेमकें तेव्हांच तें बदलतांना आढळलें.