विस्तवावरची हंडी

आजाऱ्याला मांसाचा रस्सा पाजला कीं त्याच्या अंगीं शक्ति येते, ही समजूत पुष्कळ देशांत आहे. मांसाचें सारें सत्त्व रश्शांत उतरतें आणि मागें उरतो तो केवळ चोथा, असें तींत गृहीत धरलेलें असतें. हें कितपत खरें, याचा उलगडा फ्रान्समधील एका साध्या घरगुती पदार्थावरून चांगला होतो. ‘पोतोफ’ हें त्याचें नांव. त्याचा अर्थ ‘विस्तवावरची हंडी’.

या हंडींत गोमांस शिजतें, पण तें कोवळें व महाग नव्हे. पायाचें, मानेचें, खांद्याचें, म्हणजे ज्या अवयवांना जनावराच्या हयातींत फार श्रम पडले त्यांचें मांस जाणती गृहिणी निवडते. अशा मांसांत तंतूंना बांधून ठेवणारें कोलॅजन नांवाचें चिवट द्रव्य पुष्कळ असतें. झटपट भाजल्यास तें दांतांना दाद देत नाहीं. परंतु पाण्यांत मंद आंचेवर तीन-चार तास राहिलें म्हणजे विरघळून त्याचें जिलेटिन होतें. मांस मऊ पडतें तें यामुळें.

एक किलो मांस आणि एक-दोन नळ्या अडीच-तीन लिटर थंड पाण्यांत घालून हळूहळू तापवावें. वर येणारा फेंस पळीनें काढून टाकावा. मग मीठ, दोन लवंगा टोंचलेला कांदा व सुगंधी पाल्याची जुडी घालावी. आंच इतकी कमी ठेवावी कीं अधूनमधून एखादाच बुडबुडा वर यावा. खळखळ उकळल्यास तंतु आकसून त्यांतील रस पिळला जातो. मग पाण्यांत बुडालेलें असूनहि मांस कोरडें लागतें आणि रस्साहि गढूळ होतो. गाजरें व सलगम शेवटच्या तासांत घालावे, नाहींतर त्यांचा लगदा होतो.

फ्रेंच कुटुंबांत प्रथम गाळलेला रस्सा वाढतात. त्यामागून मांस व भाज्या येतात. सोबत जाडें मीठ, मोहरीची चटणी आणि व्हिनेगरमध्यें मुरवलेल्या लहान काकड्या असतात. रस्सा पिऊन मांस टाकून देण्याची चाल तेथें नाहीं, आणि यांतच शहाणपण आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत दार्से या रसायनज्ञानें हाडांतून काढलेलें जिलेटिन गरिबांचें पोषण करील अशी आशा फ्रान्समध्यें निर्माण केली होती. पॅरिसच्या रुग्णालयांतहि त्याचें सूप दिलें जाऊं लागलें. पुढें माजांदी यांच्या नेतृत्वाखालील समितीनें कुत्र्यांवर प्रयोग केले आणि १८४१ मध्यें अहवाल दिला कीं, नुसत्या जिलेटिनावर प्राणी जगत नाहींत. त्याचें एक कारण आज ठाऊक आहे : शरीराला अत्यावश्यक असें ट्रिप्टोफॅन जिलेटिनांत नसतें. मांसांतील बहुतेक पौष्टिक प्रथिनें तंतूंतच राहतात.

महाराष्ट्रांत पायाचें सूप निवल्यावर थिजतें तें याच जिलेटिनामुळें. तें रुचकर असतें, ऊब देतें, अन्नावरची वासना परत आणतें. परंतु तेवढ्यानें झिजलेलें शरीर भरून येत नाहीं. आजाऱ्याला अन्न पचूं लागलें म्हणजे वाटीच्या तळाशीं असलेलें मऊ मांस कुस्करून त्यालाच द्यावें. तें इतरांच्या पानांत वाढून त्याला केवळ वरचें पाणी पाजणें ही माया असली, तरी शुश्रूषा नव्हे.