लाडी क्वाली यांचे घडे

नायजेरियाच्या २० नायराच्या नोटेवर मागच्या बाजूला एक कुंभारीण आहे. त्या लाडी क्वाली. क्वाली हे त्यांचे गाव, समाज ग्बारी. तिथे मडकी घडवणे बायकांचे काम. चाक नसे. मातीचा गोळा मांडून लाडीबाई स्वतःच त्याभोवती फिरत, वळ्यांवर वळ्या चढवत आणि ओल्या अंगावर सरडे, विंचू, मगरी कोरत.

१९५० मध्ये अबुजाच्या (आजचे सुलेजा) अमीरांकडे हे घडे इंग्रज कुंभार मायकेल कार्ड्यू यांनी पाहिले. त्यांच्या प्रशिक्षण केंद्रात लाडीबाई १९५४ साली दाखल झाल्या, तिथल्या पहिल्या स्त्री. चाक शिकल्या, तरी मोठे घडे हातानेच करत राहिल्या. पुढे झारियाच्या अहमदू बेलो विद्यापीठात शिकवले. त्याच विद्यापीठाने १९७७ मध्ये त्यांना मानद डॉक्टरेट दिली.

एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. गावचे मडके उघड्या जाळावर, कमी आचेत भाजतात. आपल्या माठासारखे ते पाझरते, म्हणून पाणी गार राहते. केंद्रात मात्र घडे सुमारे १३०० अंश सेल्सिअसला भाजून त्यांवर काचेसारखी झिलई चढे. पाझरणे थांबले, पाणी गार होणेही थांबले. कलेला मान मिळाला, पण घडा दिवाणखान्यात शोभेला बसला. आदिवासी बहिणींच्या हस्तकला ‘सुधारून’ विकायचा विषय निघाला की मला हेच आठवते. ती वस्तू त्यांच्या घरात काय काम करते, हे आधी कोणी विचारतो का?

लाडीबाई १९८४ मध्ये वारल्या. ज्या केंद्रात त्या शिकायला आल्या, त्याला आता त्यांचेच नाव आहे.