बोट, बटण आणि राखीव टेबल

उपाहारगृहातले टेबल मोबाइलवरून राखून ठेवण्याच्या ॲपची फेररचना आपल्याला करायची आहे, असे समजू. सुरुवात रंगांपासून नव्हे, बोटापासून करावी लागेल. वेळांची बटणे बारीक आणि दाटीने असली, तर साडेसातऐवजी आठचे बटण दाबले जाते. हात थरथरणाऱ्या आजोबांना तर असे ॲप वापरताच येत नाही.

असे का होते? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ साली प्रयोगाने दाखवले, की लक्ष्य जितके दूर आणि अरुंद, तितका तेथे अचूक पोचायला वेळ जास्त लागतो. मात्र अंतर आणि रुंदी दोन्ही दुप्पट केली, तर वेळ जवळपास तेवढाच राहतो. महत्त्व आहे ते त्यांच्या गुणोत्तराला. म्हणून फक्त शिल्लक वेळा दाखवू, त्यांची बटणे मोठी करू आणि अंगठ्याजवळ आणू.

वर्गात हे पडताळता येते. कागदावर १० सेंमी अंतरावर १ सेंमी रुंदीचे दोन पट्टे आखू. विद्यार्थ्याने त्यांवर आळीपाळीने २० वेळा पेन्सिल टेकवावी. आपण वेळ मोजू. मग अंतर २० सेंमी करून पट्टे आधी २ सेंमी, नंतर १ सेंमी रुंदीचे घेऊ. सर्वांत जास्त वेळ कोणत्या जोडीला लागेल, हे मुलांना आधीच विचारू या.