विश्वास, पण मोजूनमापून

कोपनहेगन : शहर मागे टाकून शेतांमधल्या रस्त्याला लागले की अधूनमधून कडेला एखादे लाकडी फडताळ उभे दिसते. आत नव्या बटाट्यांच्या पिशव्या, अंडी, जून लागला की स्ट्रॉबेरी. विकायला कोणीच नाही. पुठ्ठ्यावर भाव लिहिलेला आणि शेजारी पैसे टाकायला पेटी. अलीकडे पेटीसोबत मोबाइल नंबरही असतो. माल उचलायचा, पैसे पाठवायचे आणि चालू लागायचे. शेतकरी तेव्हा दूर कुठेतरी ट्रॅक्टरवर असतो.

इथल्या भारतीय मंडळींमध्ये यावर ठरलेली चर्चा होते. ‘ही माणसेच प्रामाणिक, आपल्याकडे असले चालायचे नाही.’ डेन्मार्कचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो. ‘बहुतेक माणसांवर विश्वास ठेवता येतो का?’ या सर्वेक्षणातल्या प्रश्नाला १९७९ मध्ये निम्म्याहून कमी डॅनिश लोकांनी होकार दिला होता. २००९ पर्यंत हे प्रमाण पाऊण हिश्शाच्या वर गेले. तीस वर्षांत माणसांचे रक्त बदलत नाही. म्हणजे विश्वास ठेवायला हे लोक शिकले. या वाढीचा मोठा वाटा अभ्यासक सरकारी संस्थांवरच्या वाढलेल्या भरवशाला देतात.

या शिक्षणाची एक जुनी शाळा म्हणजे दूध डेअरी. पश्चिम जटलंडमधल्या येडिंग गावात १८८२ मध्ये शेतकऱ्यांनी देशातली पहिली सहकारी डेअरी काढली आणि पुढच्या दशकभरात अशा शेकडो डेअऱ्या उभ्या राहिल्या. यंत्रसामग्रीसाठी कर्ज काढायचे तर सभासद एकमेकांना जामीन राहत. गाय एक असो की पन्नास, मत एकच. नफ्याची वाटणी मात्र घातलेल्या दुधाच्या हिशेबात. शेजाऱ्याने दुधात पाणी घातले तर नुकसान आपलेच, म्हणून दूध मोजायचे, तपासायचे आणि वहीत उघड मांडायचे. शेजाऱ्याच्या सचोटीची पारख अशी रोजच होत असे.

आजही विश्वासाच्या पाठीशी चोख नोंद असते. अनेक सार्वजनिक वाचनालये सकाळ-संध्याकाळ कर्मचाऱ्यांविना उघडी असतात. दाराशी पिवळे आरोग्यकार्ड लावायचे, पिन दाबायचा, आत जाऊन पुस्तक घ्यायचे आणि यंत्रावर स्वतःच नोंदवायचे. त्या कार्डावर १९६८ पासून चालत आलेला नागरिक क्रमांक असतो, त्यामुळे आत कोण आले ते कळते. प्राप्तिकराचेही तसेच. मालक आणि बँका आकडे परस्पर कळवतात. बहुतेकांना विवरण तयारच मिळते, फक्त नजर टाकायची.

देखरेख ढिली पडली की इथेही फसगत होते. समाजकल्याण खात्यातल्या एका महिला अधिकाऱ्याने सुमारे पंचवीस वर्षे दुर्बल घटकांच्या अनुदानातून ११ कोटींहून अधिक क्रोनर स्वतःच्या खात्यात वळवले. २०१८ मध्ये ते उघडकीस आले आणि २०२० मध्ये तिला साडेसहा वर्षांची कैद झाली. इतकी वर्षे तिचा कोणाला संशय आला नाही, याची इथल्या वर्तमानपत्रांनी महिनोन्महिने चिरफाड केली. पण रस्त्याकडेची फडताळे कोणी उचलून नेली नाहीत. चोर पकडला जातो आणि त्याला शिक्षा होते, हे लोकांनी पाहिले होते.

‘एक सभासद, एक मत’ हा नियम आपल्या गावोगावच्या दूध संस्थांनाही लागू आहे. तरी वजनात आणि फॅटमध्ये मारले जाण्याची आपल्या दूध उत्पादकांची तक्रार जुनीच आहे. माणसांनी एकमेकांवर विश्वास ठेवावा, असे व्याख्यान गावात देण्याआधी संकलन केंद्रावरचा काटा आणि फॅटचे यंत्र सर्वांसमोर तपासून घ्यावे. सुरुवात तिथून केली तरच ती टिकेल.