यकृत : रचना, कार्य आणि आपले उत्तरदायित्व

रक्तवह स्रोतसांचे मूळ म्हणून यकृत व प्लीहा यांचा निर्देश चरक आणि सुश्रुत या दोन्ही संहितांत आढळतो. रंजक पित्ताचे स्थान सुश्रुतांनी येथेच सांगितले. वाग्भटांनी ते आमाशयात मानले. गर्भावस्थेत काही महिने रक्तकणांची निर्मिती प्रामुख्याने यकृतात होते व पुढे ते कार्य अस्थिमज्जेकडे जाते. हे लक्षात घेता संहितांतील निर्देश मननीय ठरतो.

रचना : उदराच्या उजव्या ऊर्ध्वभागी, मध्यपटलाखाली असलेल्या या अवयवाचे वजन प्रौढात सुमारे १.२ ते १.५ किलो असते. फ्रेंच शारीरतज्ज्ञ कुइनो यांनी १९५० च्या दशकात त्याचे रक्तवाहिन्यांनुसार ८ खंड वर्णिले; आजची यकृत-शल्यक्रिया त्यावरच आधारलेली आहे. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे ७५ टक्के रक्त प्रतिहारिणी सिरेतून, म्हणजे आतड्यांकडून येते, उर्वरित यकृत-धमनीतून. पेशींच्या ओळींमधून रक्त मध्यवर्ती सिरेकडे वाहते, तर पित्त त्याच्या उलट दिशेने पित्तनलिकांकडे जाते.

कार्य : अन्नरसातील शर्करेचा संचय, अल्ब्युमिन व रक्तस्कंदनास आवश्यक घटकांची निर्मिती, अमोनियाचे युरियात रूपांतर, पित्ताचे स्रवण आणि औषधांचे विघटन ही त्याची प्रमुख कार्ये होत. भूताग्नींच्या व्यापाराशी यांची तुलना अनेक अभ्यासक करतात.

आतड्यांतून शोषलेले बहुतांश द्रव्य, मग ते अन्न असो वा काढा, प्रथम यकृतातून जाते. शिवाय या अवयवाची राखीव क्षमता मोठी असल्याने बराच ऱ्हास होईपर्यंत रुग्णास त्रास जाणवत नाही. म्हणूनच आपले उत्तरदायित्व वाढते.

कोविडच्या काळात गुळवेलीचा वापर घरोघरी झाला. २०२१ मध्ये मुंबईतील तज्ज्ञांनी गुळवेल सेवनानंतर यकृतशोथ झालेल्या ६ रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. आयुष मंत्रालयाने त्यावर वनस्पतीच्या ओळखीचा प्रश्न उपस्थित केला. पुढे २०२२ मध्ये १३ केंद्रांतील ४३ रुग्णांचा अभ्यास आला. त्यात अनेकांमध्ये स्वयंप्रतिकारजन्य यकृतविकाराची लक्षणे होती. या वृत्तांतांना केवळ विरोध म्हणून बाजूस सारणे आम्हांस योग्य वाटत नाही. गुळवेल रसायन आहे, हे खरे. पण रसायनही प्रकृती, मात्रा व काल पाहूनच द्यावयाचे असते.

औषधालय-चालकांनी गुळवेल, म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया, आणि तिच्यासारखीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा यांतील भेद जाणावा. दुसरीच्या खोडावर ठळक गाठी असतात व छेदल्यास दुधासारखा स्राव येतो. कच्चा माल घेताना परीक्षण करून त्याची नोंद ठेवावी.

वैद्यांनी दीर्घकालीन चिकित्सेपूर्वी मद्यपान, मधुमेह, पूर्वीचा यकृतविकार व चालू औषधे यांची चौकशी करावी. अरुची, कंडू, गडद मूत्र वा नेत्रपीतता दिसताच औषध थांबवून रक्ततपासणी करावी. एस.जी.पी.टी. तिपटीहून व बिलिरुबिन दुपटीहून अधिक आढळल्यास रुग्णास त्वरित यकृततज्ज्ञांकडे पाठवावे. तिळाच्या पेंडीसारखा मल हे शाखाश्रित कामलेचे लक्षण. तेथे मार्गरोध असल्याने सोनोग्राफीस विलंब नको.

निदानाची ही साधने वापरण्यात आपल्या शास्त्राचे उणेपण नाही. ज्या यकृतास आपण रक्ताचे मूळ म्हणतो, त्याचे रक्षण हे आपल्या चिकित्सेचे पहिले पथ्य असावे, असे आमचे व्यवसायबंधूंना आग्रहाचे सांगणे आहे.